रेझिन वाळत नाही

"एकदा रेझिन वाळलं की होडी तयार," असं फायबरच्या, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून घट्ट करण्याच्या, कामाबद्दल बोलताना सगळेच म्हणतात. मला त्यातला 'वाळलं' हा शब्द खटकतो. कपडे वाळतात, माती वाळते, कारण त्यांतलं पाणी उडून जातं. रेझिनमधून थोडं स्टायरिन, म्हणजे त्याला पातळ ठेवणारं द्रावक, उडतं, त्याचाच तो उग्र वास, पण रेझिन घट्ट होतं ते त्यामुळे नाही. ते घट्ट होतं रासायनिक क्रियेने. शिडाची छोटी होडी ज्या क्रमाने बनते, तो क्रमही बराचसा याच क्रियेने ठरवलेला असतो.

आधी होडीविषयी. एकट्याने चालवायची 'लेझर' घ्या. लांबी सुमारे ४.२ मीटर, आणि शीड-डोलकाठी सोडून नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलो. तिचं पोट एका साच्यात बनतं, वरचा डेक दुसऱ्या साच्यात, आणि दोन्ही कडेवर चिकटवतात. आराखडा काढणाऱ्याला वारा-पाण्याइतकाच साच्याचाही विचार करावा लागतो. बाजू वरच्या दिशेने थोड्या तरी उघडत गेल्या पाहिजेत, आत वळल्या तर होडी साच्यातून निघणारच नाही. सपाट पत्रा दाबला की लवतो, बाक दिलेला पत्रा ताठ राहतो, म्हणून काही मिलिमीटर जाडीत काम भागवायचं तर ताठपणा आकारातूनच काढावा लागतो.

आता रेझिन. डब्यातलं पॉलिएस्टर रेझिन म्हणजे मधल्या लांबीच्या साखळ्या. प्रत्येक साखळीत ठरावीक अंतरावर कार्बनचे दुहेरी बंध. या साखळ्या स्टायरिनमध्ये विरघळवलेल्या असतात, आणि वजनात साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरिनच असतं. स्टायरिनची खुबी अशी की ते आधी द्रावक म्हणून रेझिन पातळ ठेवतं आणि नंतर स्वतःच पूल बनून साखळीला साखळी जोडतं. म्हणजे पातळ करणारा पदार्थ बहुतांशी उडून जात नाही, होडीचाच भाग होऊन बसतो.

ही जोडणी सुरू करायला ठिणगी लागते. कारागीर ज्याला हार्डनर म्हणतात ते एक पेरॉक्साइड असतं, रेझिनच्या एक ते दोन टक्के. रेझिनमध्ये आधीच मिसळलेला कोबाल्ट त्या पेरॉक्साइडचे तुकडे करतो. (हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, स्फोट होतो.) तुकड्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. असा मुक्तमूलक दुहेरी बंधावर तुटून पडतो, तो उघडतो, आणि एकटेपणा पुढच्या रेणूकडे सरकतो. त्याच्याकडून पुढच्याकडे. सुरुवातीची काही मिनिटं मात्र काहीच घडत नाही असं वाटतं, कारण साठवणीत रेझिन टिकावं म्हणून घातलेला रोधक पदार्थ हे मूलक गिळत असतो. तो संपला की एकदम जोर येतो. जोडलेल्या साखळ्यांचं जाळं डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं की रेझिन ओघळणं थांबतं, जेलीसारखं होतं. त्या क्षणी बहुतेक बंध अजून उघडायचेच असतात.

प्रत्येक बंधामागे उष्णता बाहेर पडते. मी पहिल्यांदा जवळजवळ लिटरभर रेझिन एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात कालवलं, आणि साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट नीट बसवण्यात गुंतलो. परत वळलो तर डब्याच्या कडा मऊ होऊन झुकल्या होत्या, वर पांढरी वाफ होती आणि आतला गोळा तडकत होता. साच्यावर लावलेलं तेच रेझिन हाताला जेमतेम कोमट लागत होतं. पातळ थरातली उष्णता निघून जाते, डब्यातल्या गोळ्याची आतच कोंडते, क्रिया अजून वेगाने पळते आणि तापमान दीडशे अंशांपलीकडे जाऊ शकतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच कालवायचं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग: हवा. ऑक्सिजनच्या रेणूवरही एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो मुक्तमूलकाला लगेच पकडतो. तयार होणारा नवा मूलक इतका मंद असतो की स्टायरिनला हात घालत नाही. साखळी तिथेच थांबते. थराच्या आतला ऑक्सिजन लवकर संपतो, पण हवेला लागून असलेल्या पृष्ठभागावर तो सतत येत राहतो. परिणाम: आतून दगडासारखं, वरून चिकट.

हा दोष वाटतो, पण याच्याच बळावर होडी उभी राहते. फायबरची होडी बाहेरून आत बनते. चकचकीत साच्याला मेण चोळायचं, मग पहिला थर रंगीत जेलकोटचा, जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. हीच उद्याची बाहेरची कातडी. साच्याकडची बाजू हवेपासून झाकलेली, म्हणून ती पूर्ण कडक होते. पाठ चिकट राहते, तिथे न उघडलेले बंध शिल्लक असतात, आणि पुढच्या काचेच्या थरातलं रेझिन त्यांच्याशी रासायनिक बंध जोडतं. दोन थर नुसते चिकटत नाहीत, एक होतात.

वेळ साधायची कसब बोटात असते. जेलकोटला बोट लावायचं. ठसा उमटला, चिकटपणा जाणवला, पण बोटाला रंग लागला नाही, की मॅट घालायची. घाई केली तर नव्या थरातलं स्टायरिन कच्च्या जेलकोटमध्ये शिरतं, तो फुगतो आणि मगरीच्या पाठीसारख्या सुरकुत्या पडतात. साच्यातून होडी निघेपर्यंत त्या दिसतही नाहीत. फार दिवस थांबलं तर बंध बहुतेक संपलेले असतात, मग घासून खरबरीत करण्यावाचून इलाज नाही.

शेवटच्या थरात थोडं पॅराफिन मेण मिसळतात. क्रिया चालू असताना ते वर तरंगून येतं, हवा अडवतं, आणि होडीची आतली बाजू हाताला कोरडी लागते.

पॉलिएस्टर रेझिन अमेरिकेत १९३० च्या दशकात आलं, आणि १९४२ मध्ये ओहायोतल्या टोलीडो इथे रे ग्रीन यांनी काच व पॉलिएस्टरची शिडाची होडी बनवली. पुढे 'फायबरला देखभाल लागत नाही' अशी जाहिरात फार झाली. ती खोटी आहे. जेलकोटमधून पाणी अगदी हळू झिरपतं, क्रियेत न जोडले गेलेले पदार्थ विरघळवतं, आणि तो गाढ द्रव परासरणाने आणखी पाणी ओढतो. पोटावर फोड येतात, फोडले तर व्हिनेगरसारखा वास येतो. काही खलाशी अजून मानतात की होडीचं नाव बदललं की तिच्यावर संकट येतं. नाव खुशाल बदला. फोड येतात ते अर्धवट जुळलेल्या रेझिनमुळे.

म्हणून साच्यातून काढायची घाई करू नये. नव्या होडीच्या आतून येणारा गोडसर उग्र वास म्हणजे न जोडलं गेलेलं स्टायरिन, आणि जाळं अजून विणलं जात असतं. अशा कच्च्या होडीला नीट आधाराशिवाय दोन टेकूंवर ठेवलं तर ती मध्ये झुकते, आणि त्याच झुकलेल्या आकारात कायमची कडक होते.