उभ्या गाडीची थरथर

पुण्यात नळ स्टॉपला सिग्नल लागतो, गाडी न्यूट्रलला येते आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा आठशेवरून साडेसहाशेला उतरतो, मग नऊशेकडे झेपावतो. दिवा हिरवा झाला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सगळं सुरळीत. एक्सप्रेसवेवर तर तक्रारीला जागाच नाही. गॅरेजमध्ये आधी ठिणगी पाडणारे प्लग बदलतात, मग त्यांना वीज पुरवणारी कॉइल, मग इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई होते. बिल वाढतं, थरथर तशीच राहते.

माझ्या मते यात मेकॅनिकपेक्षा पद्धतीचा दोष मोठा आहे. पार्ट बदलून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. तपासणीत परिस्थिती बदलायची असते: वेग, भार, तापमान, जमलं तर इंधनसुद्धा. कशाने थरथर वाढते आणि कशाने जाते, हे टिपायचं. यातलं बरंचसं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं. फक्त पार्किंग उघडं हवं. तळघरात इंजिन चालू ठेवून तपासणी अजिबात करू नये, कारण इंधन नीट न जाळणारं इंजिन नेहमीपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतं आणि त्या वायूला वास नसतो.

हा बिघाड उभ्या गाडीतच का दिसतो? फोर-स्ट्रोक इंजिनात (निकोलाऊस ऑटोने ते १८७६ साली चालवून दाखवलं) प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. ८०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात २०. त्यातला एक हुकला की पुढच्या स्फोटापर्यंत इंजिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे त्याच्या जड चाकात, साठलेल्या ऊर्जेवर फिरतं, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २,४०० आरपीएमला ती ८०० च्या नऊपट. त्यामुळे पळत्या गाडीत हुकलेला स्फोट झाकला जातो, उभ्या गाडीत तो हाताला लागतो. (तीन सिलिंडरच्या गाड्यांत थोडी थरथर जन्मजात असते. नवी असताना गाडी किती थरथरायची हे आठवून मगच तक्रार करावी.)

दुसरं कारण हवेचं. आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि तिच्यामागे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत), हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. सायलेन्सरकडच्या बाजूला मात्र दाब जवळपास बाहेरच्याइतकाच असतो. हवा आत घेणारा आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात तेव्हा जळलेला वायू उलटा आत शिरतो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. असं मिश्रण ओल्या लाकडासारखं पेटतं, म्हणजे कधी पेटतं आणि कधी नुसतं धुमसतं. ठिणगी थोडी जरी अशक्त असली तरी ते इथे आधी कळतं.

आता गळतीचा हिशोब करू. १,२०० सीसीचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला साधारण दोन-अडीच ग्रॅम हवा ओढतं. मॅनिफोल्डच्या एखाद्या रबरी पाइपला २ मिलिमीटर व्यासाचं भोक पडलं असेल तर त्यातून किती हवा शिरेल? दोन बाजूंच्या दाबांत फरक इतका मोठा असतो, की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाने धावते आणि आतला दाब आणखी उतरला तरी प्रवाह वाढत नाही. गणित केलं तर सेकंदाला सुमारे अर्धा ग्रॅम येतो, म्हणजे एकूण हवेचा पाचवा हिस्सा. तेच इंजिन उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला नेलं की एकूण हवा सात-आठ ग्रॅमवर जाते, भोकातली अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच राहते. पाचवा हिस्सा होता, तो सहा-सात टक्क्यांवर आला. भोक तेच, पण त्याचं वजन घटलं. पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

त्याआधी एक फुकटची चाचणी. बॉनेट उघडून इंजिनकडे बघा आणि आरपीएमचा काटाही बघा. काटा स्थिर आहे, सायलेन्सरचा आवाज एकसारखा आहे, तरी केबिन हलते, तर दोष बहुधा इंजिनमध्ये नसून त्याच्या रबरी माउंटिंगमध्ये, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या ‘फाउंडेशन’मध्ये असतो. अशा गाडीला प्लग आणि कॉइल घालत राहणं हा शुद्ध अपव्यय. काटाच नाचत असेल तर पुढे जायचं.

स्टिअरिंगखाली इंजिनच्या संगणकातली माहिती वाचायचं, १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्याला लावायचं, मोबाइलशी ब्लूटूथने बोलणारं छोटं स्कॅनर आता स्वस्तात मिळतं. लोक त्यावर फक्त कोड बघतात. पी-०३०२ आला की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग (म्हणजे स्फोट हुकणं), पी-०१७१ आला की मिश्रणात हवा जास्त. पण कोड हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही. माझा जीव जडलाय तो ‘फ्युएल ट्रिम’ या आकड्यावर. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडच्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते सांगतो आणि त्यानुसार ईसीयू (इंजिनचा संगणक) इंधन वाढवतो किंवा कमी करतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते. इंजिन गरम झाल्यावर अल्पकालीन (क्षणोक्षणी बदलणाऱ्या) आणि दीर्घकालीन (सवयीने ठरलेल्या) ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे दहाच्या आत असावी.

बेरीज आयडलिंगला अधिक वीस आणि २,५०० ला अधिक चार असेल तर वरचं भोकाचं गणित आठवा: कुठूनतरी चोरटी हवा शिरते आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि वेग वाढवला की अधिक वीस, तर हवेचा संशय सोडून फ्युएल पंप आणि फिल्टरकडे वळा. दोन्हीकडे सारखीच अधिक असेल तर इंजेक्टर किंवा सेन्सर. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हेही एक कारण असू शकतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणून जुन्या हिशोबावर बेतलेल्या गाडीत ट्रिम काही टक्के वर राहतो आणि तो बिघाड नसतो.

यात दोन खाचखळगे आहेत. ठिणगीच पडली नाही तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली. मिसिंग जोरात असेल तर ट्रिमवर विसंबू नये. दुसरं म्हणजे, कित्येक छोट्या गाड्यांत येणारी हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डच्या दाबावरून तिचा अंदाज बांधतात. तिथे चोरटी हवाही हिशोबात धरली जाते, ईसीयू तिच्यापुरतं इंधन देतो आणि ट्रिम फारसा हलत नाही. नुसता आरपीएम चढा राहतो किंवा वरखाली झुलतो.

हवागळती शोधायला कार्ब-क्लीनर फवारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो द्रव ज्वालाग्राही असतो आणि इंजिनमधून निघणारा सायलेन्सरचा तापलेला पाइप तिथून वीतभर अंतरावर. त्यापेक्षा रबरी पाइप एकेक करून पक्कडीने, मध्ये कापड धरून, दाबा. कोणता दाबल्यावर आयडलिंग सुधारतं ते बघा. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं जोडांवरून फिरवलं तर सूं-सूं आवाजाची जागा सापडते. ब्रेक दाबल्यावर आरपीएम ठळक बदलला तर ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप किंवा त्याचा पडदा तपासून घ्यावा. पेट्रोलच्या वाफा इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकणं हाही नेहमीचा गुन्हेगार. आणि पुण्यातल्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशींना विसरून चालणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. कुरतडलेला पाइप किंवा वायर ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आणि सगळ्यात उशिरा सुचणारी शंका. हे करताना बाह्या आणि ओढणी आवरून ठेवा, रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

सीएनजीची गाडी असेल तर निसर्गाने, म्हणजे खरं तर किट बसवणाऱ्याने, तुम्हाला एक सुंदर प्रयोग आयता दिलाय. दोन्ही इंधनांना प्लग, कॉइल, थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह तेच. इंजेक्टर आणि पुरवठा मात्र वेगळा. गाडी दोन्हीवर सारखीच थरथरते? मग बहुधा हवा, थ्रॉटल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण). फक्त सीएनजीवर थरथरते? सीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन, आणि मिथेनचं मिश्रण पेटवायला प्लगच्या फटीत जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉइल पेट्रोलवर चालून जाते आणि सीएनजीवर पकडली जाते. प्लग आणि कॉइल नीट निघाल्यावर मग गॅसचा फिल्टर आणि त्याचा दाब उतरवणारा रेग्युलेटर. फक्त पेट्रोलवर थरथरते? सीएनजीवाल्यांत हे फार दिसतं: टाकीत महिनोनमहिने तेच पेट्रोल आणि न वापरल्याने चिकटलेले इंजेक्टर.

आता दोषी सिलिंडर शोधायचा. इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि आरपीएम किती पडतो ते बघायचं. ज्याचा काढला तरी काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. लोक कॉइलचा कनेक्टर काढतात. तसं केलं की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि त्याची किंमत ऐकून थरथर परवडली असं वाटतं. सिलिंडर सापडला की इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर नाना पेठेत जाऊन एक कॉइल आणायची, चार नव्हे. नाही सरकलं तर हीच अदलाबदल प्लगची करायची.

सगळेच सिलिंडर सारखे अशक्त वाटत असतील आणि एसी लावला की गाडी बंद पडू बघत असेल, तर थ्रॉटल बॉडीत कार्बन साठला असणार. ती साफ केल्यावर काही काळ आरपीएम चढा राहतो. काजळीमुळे झडप जास्त उघडायची सवय ईसीयूने लावून घेतलेली असते आणि ती मोडायला त्याला वेळ लागतो. हा नवा बिघाड समजून कोणी पुन्हा गॅरेज गाठू नये.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे ते दाखवणारा) हातात आला तर पुण्याचा एक मुद्दा ध्यानात ठेवावा. पुस्तकांत निरोगी इंजिनचा आकडा १७ ते २१ इंच पारा असा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या जवळपास दोन इंचांनी कमी. मुंबईत १८ दाखवणारी धडधाकट गाडी इथे १६ दाखवेल. आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा: ठरावीक लयीत झटका घेणारा काटा बहुधा एखाद्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो.

कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं अदलाबदल करूनही तोच सिलिंडर अडून बसला, तर घरची तपासणी तिथे थांबते आणि कॉम्प्रेशन मोजावं लागतं. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. बरीच वर्षं सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची शंका आधी घ्यावी. हा वायू कोरडा असतो, त्याने व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होते. इंजिन तापलं की उरलीसुरली फटही संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून सकाळी गार असताना गाडी छान चालते आणि दुपारी सिग्नलला थरथरते. सैल टॅपेट टक-टक वाजतो, घट्ट झालेला अजिबात वाजत नाही, त्यामुळे आवाजावरून काही कळणार नाही. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करावे लागतात, तिथे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) फट मोजायला सांगावं.