न्यूयॉर्कमध्ये बाहेरगावच्या माणसाला पिस्तुलाचा परवाना: ११३ वर्षांची वाट

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याने तातडीचा नियम काढला आणि जे त्या शहरात किंवा राज्यात राहतही नाहीत व कामालाही नाहीत, अशा लोकांनाही पिस्तूल अंगावर लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. 'अनिवासी' म्हटले की मराठी वाचकाला आधी अनिवासी भारतीय आठवतो. इथे मात्र अर्थ अगदी साधा आहे, हडसन नदीपलीकडे, शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहणारा माणूसही इथे अनिवासीच. हा दरवाजा इतकी वर्षे बंद का होता, हे समजून घ्यायचे तर १९१० सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी ९ ऑगस्टला महापौर विल्यम गेनर युरोपला निघाले असताना, होबोकेनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजावर, शहराच्या गोदी खात्यातून काढून टाकलेल्या एका माणसाने त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी मानेत शिरली. ते वाचले, पण ती गोळी शेवटपर्यंत शरीरातच राहिली. पुढच्या जानेवारीत ग्रामर्सी पार्कजवळ, भर दिवसा, डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकारावर एका तरुणाने सहा गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःचाही जीव घेतला. फिलिप्स दुसऱ्या दिवशी गेले. आपल्या घराण्याची कादंबरीतून बदनामी झाली, असे त्या तरुणाने मनात घेतले होते. या दोन घटनांनी शहर हादरले, आणि टॅमनी हॉल या शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचे वजनदार पुढारी, मॅनहॅटनच्या बावरी भागाचे 'बिग टिम' म्हणून ओळखले जाणारे राज्याचे सिनेटर टिमोथी सलिव्हन यांनी मांडलेला कायदा त्याच वर्षी मंजूर झाला. ३१ ऑगस्ट १९११ पासून, अंगावर लपवता येईल अशी कोणतीही बंदूक परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरले. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, त्यात आणखी एक अट आली: शस्त्र लपवून नेण्याचा परवाना हवा असेल, तर अर्जदाराने त्यासाठी 'योग्य कारण' दाखवले पाहिजे.

पुढची जवळजवळ ११० वर्षे या दोन शब्दांनी न्यूयॉर्कचा शस्त्रकायदा चालवला. शहरात परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आला. मुंबईत शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात, त्यामुळे ही रचना मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. न्यायालयांनी 'योग्य कारणा'चा अर्थ असा लावला की सर्वसाधारण भीती पुरेशी नाही. इतरांपेक्षा आपल्याला वेगळा आणि ठोस धोका आहे, हे अर्जदाराने सिद्ध करावे. म्हणून सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या हिरेबाजारात माल आणि रोकड घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना मिळण्याची शक्यता असे. रात्रपाळी करून उशिरा घरी परतणाऱ्या बाईला जवळपास नसे. ज्याच्याकडे सांगण्याजोगी मालमत्ता होती त्याला कारण होते, आणि ज्याच्याकडे फक्त जीव होता त्याला नव्हते, हा या व्यवस्थेतला अन्याय मला आजही बोचतो. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या परवान्याला पैशाची वाट फुटायला वेळ लागत नाही. शहराच्या परवाना विभागातच लाच घेऊन परवाने दिले जात असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये केंद्रीय तपासात उघड झाले आणि त्यात शिक्षाही झाल्या.

बाहेरगावच्या माणसाचा प्रश्न या सगळ्याखाली दबून राहिला. बाहेरच्यांना मज्जाव, असे कायद्यात कुठेही सरळ लिहिलेले नव्हते. राज्याच्या दंडसंहितेच्या कलम ४०० मध्ये एवढेच होते की अर्जदाराने तो जिथे राहतो, जिथे मुख्यतः नोकरी करतो किंवा जिथे त्याचा मुख्य धंदा आहे, त्या शहरात वा परगण्यात (काउंटीत) अर्ज करावा. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनमध्ये दुकान चालवणाऱ्याला या वाक्यात जागा होती. पेनसिल्व्हेनियाहून चार दिवसांसाठी येणाऱ्याला नव्हती, कारण त्याने अर्ज नेमका कुठे द्यायचा, हेच कायदा सांगत नव्हता. दुसऱ्या राज्याचा परवाना न्यूयॉर्क मानत नाही. इतकेच नव्हे, तर राज्यातल्याच एखाद्या परगण्याने दिलेला परवानाही शहराच्या हद्दीत चालत नाही. त्यासाठी शहराच्या पोलीस आयुक्तांची खास परवानगी लागते. शहराने दिलेला परवाना मात्र राज्यभर चालतो.

या बंद दाराचे परिणाम कोर्टाच्या पायरीवर दिसले. २००६ मध्ये राज्याने भरलेले बेकायदा पिस्तूल बाळगण्याची किमान शिक्षा साडेतीन वर्षांवर नेली. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस, जो न्यू जर्सीत राहत होता आणि ज्याच्याकडे फ्लोरिडाचा मुदत संपलेला परवाना होता, मॅनहॅटनच्या एका नाइट क्लबमध्ये कमरेचे पिस्तूल घसरताना स्वतःच्याच मांडीत गोळी लागून जखमी झाला. तडजोडीत कमी गंभीर गुन्हा कबूल केल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०११ मध्ये टेनेसीहून आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने, ११ सप्टेंबरच्या स्मारकापाशी शस्त्रबंदीची पाटी पाहून, आपले पिस्तूल कुठे जमा करायचे असे स्वतःहून विचारले आणि तिथेच तिला अटक झाली. तिच्याकडे आपल्या राज्याचा परवाना होता. पुढे किरकोळ गुन्ह्याची कबुली आणि दंड यावर तिची सुटका झाली. पण प्रामाणिकपणे विचारणाऱ्यालाच बेड्या पडाव्यात, हे त्या कायद्याचे सर्वांत कठोर रूप होते. केनेडी आणि लाग्वार्डिया विमानतळांवर, परतीच्या प्रवासात कुलूपबंद पेटीतले पिस्तूल काउंटरवर नियमाप्रमाणे जाहीर करणारे प्रवासीही असेच पकडले गेले आहेत.

काहींची सोय केंद्रीय कायद्याने केली. १९८६ च्या कायद्याने कुलूपबंद, रिकामे शस्त्र घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला वाटेतल्या राज्यांत संरक्षण दिले. २००४ च्या कायद्याने नोकरीतल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर शस्त्र बाळगता येऊ लागले. सामान्य माणसाने न्यायालयाची वाट धरली आणि त्याला आधी नकारच मिळाला. २००५ मध्ये 'बाख विरुद्ध पटाकी' या खटल्यात, व्हर्जिनियात राहणाऱ्या एका अर्जदाराला केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की परवानाधारकाच्या वागणुकीवर लक्ष ठेवण्यात राज्याचे हित आहे आणि ते लक्ष तो तिथे राहत असेल तरच ठेवता येते. माझ्या मते या कायद्याचा खरा गाभा इथे उघड झाला. सलिव्हनच्या काळचा परवाना ओळखीवर उभा होता. परवाना देणाऱ्याने माणूस ओळखावा, त्याचे शेजारी, त्याचा धंदा आणि त्याची भांडणे त्याला ठाऊक असावीत, अशी ती कल्पना होती. ती वाईट नव्हती. पण ऐंशी लाखांच्या शहरात कोणता अधिकारी कोणाला ओळखतो?

२०१३ मध्ये ही भिंत थोडी खचली. लुइझियानाला कायमचा राहायला गेलेल्या आणि न्यूयॉर्कच्या स्कोहारी परगण्यात उन्हाळी घर ठेवलेल्या एका गृहस्थाच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की परवान्यासाठी कायमचे वास्तव्य लागत नाही, दुसरे घर असले तरी अर्ज करता येतो. ज्याचे एकही घर तिथे नाही, त्याला मात्र अजून वाट पाहायची होती.

२३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी 'योग्य कारणा'ची अट घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालाचे अर्जदार राज्याचेच रहिवासी होते, तरी बाहेरच्यांचा प्रश्न त्यानेच वर आणला. घराबाहेर शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा घटनात्मक हक्क असेल, तर राज्याची सीमा ओलांडताना तो गळून कसा पडतो, याचे उत्तर आता द्यावे लागणार होते. राज्याने १ सप्टेंबर २०२२ पासून नवा कायदा लागू केला: सोळा तासांचे वर्ग, दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव, मुलाखत, चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या चार व्यक्ती, आणि शस्त्र नेण्यास बंदी असलेल्या 'संवेदनशील' जागांची लांबलचक यादी. बाहेरच्यांसाठी शहराने दार उघडले ते आणखी दोन वर्षांनी, आणि अटी रहिवाशांच्याच ठेवल्या.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट यात वेगळी धरावी: एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, केंद्रीय कायदाच बंदूक बाळगू देत नाही, आणि शहराचा हा नियम त्यात काहीही बदलत नाही.

परवाना हाती आलेल्या बाहेरच्या माणसाला शहरात शिरण्याचे नेहमीचे रस्तेही खुले होत नाहीत. भुयारी रेल्वे, बस, फेरी, रेल्वेस्थानके, बस टर्मिनल आणि टाइम्स स्क्वेअर, सगळे त्या बंदीच्या यादीत आहेत. जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने रोज मॅनहॅटनला येणाऱ्याला न्यूयॉर्क पोलिसांचा परवाना खिशात असूनही पिस्तूल कमरेला लावून त्या गाडीतून उतरता येत नाही.