आवाज तारेतून, हुकूम हवेतून

श्रावणात गोव्यातल्या देवळांत भजनी सप्ताह बसतो, तेव्हा भजनी मंडळी सभामंडपात असतात आणि ऐकणारे चौकापासून पार अग्रशाळेपर्यंत, म्हणजे देवळाच्या आवारातल्या भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीपर्यंत, पसरलेले. मिक्सर एक, स्पीकर तीन ठिकाणी. सभामंडपात पखवाज घुमतो, मोकळ्या चौकात त्याचा दम हरवतो, अग्रशाळेत झांज शब्दांवर चढते. म्हणून आवाजाचे तीन फाटे करून प्रत्येकाला स्वतंत्र इक्वलायझर (जाड-बारीक सुरांचा जोर वेगवेगळा कमीजास्त करणारी सोय) हवा, आणि तो चालता चालता मोबाईलवरून फिरवता यावा. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या कुणालाही हे यंत्र घरी बांधता येईल.

वायरलेस म्हटले की आधी ब्लूटूथ स्पीकर आठवतात. ते इथे चालणार नाहीत. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून पाकिटांत भरला जातो, पलीकडे उलगडला जातो, आणि यात बहुधा 100 ते 200 मिलिसेकंद जातात. समोर टाळ वाजत असताना एवढी दिरंगाई लगेच खटकते. तेव्हा आवाज तारेतूनच न्यावा, हवेतून फक्त हुकूम पाठवावेत.

ईएसपी32 ही काही शे रुपयांची चिप या कामाला पुरते. तिच्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत. मिक्सरचा आवाज एका रूपांतरकातून सेकंदाला 44,100 आकड्यांच्या रूपात आत येतो. आकड्याच्या तीन प्रती काढल्या की झाले फाटे. एक फाटा दुसऱ्याचा जोर खात नाही. दोन आकड्यांमध्ये वेळ मिळतो सुमारे 22.7 मायक्रोसेकंद. फार थोडा वाटतो, पण 240 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपच्या घड्याळाचे तेवढ्यात 5,400 ठोके पडतात.

इक्वलायझरचा एक पट्टा, म्हणजे सुरांचा एक टप्पा, हाताळणे हे एक छोटे गणित. आताचा आकडा, आत आलेले मागचे दोन आणि बाहेर गेलेले मागचे दोन, या पाचांना पाच गुणकांनी गुणायचे आणि बेरीज करायची. गुणक बदलले की 100 हर्ट्झजवळची घुमारी उतरते किंवा शब्द स्पष्ट करणारा 2,000 ते 4,000 हर्ट्झचा भाग उठतो. तीन फाटे, प्रत्येकी पाच पट्टे, म्हणजे दर आकड्यामागे अवघे 75 गुणाकार. ॲपमधली पट्टी सरकवली की मोबाईल नवे गुणक काढून पाठवतो. ते एका झटक्यात बसवले तर स्पीकर ‘टक्’ करतो, म्हणून जुन्यावरून नव्यावर हळूहळू सरकावे लागते.

माझ्या मते याहून मोलाची पट्टी विलंबाची. 30 अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. अग्रशाळा 35 मीटरवर असेल तर सभामंडपातला आवाज तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तारेतला मात्र जवळजवळ तत्क्षणी. हे दोन्ही आवाज मागेपुढे कानावर पडले की शब्द दुहेरी ऐकू येतात. त्या फाट्यावर 4,410 आकडे रोखून धरले की दोन्ही आवाज जुळतात. आणखी दहाएक मिलिसेकंद वाढवले तर आवाज स्पीकरमधून नव्हे, गाणाऱ्यांकडूनच येतोय असे वाटते. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये कानाचा हा गुण अभ्यासला होता.

तीन ॲम्प्लिफायर तीन वेगळ्या प्लगांवर असले की 50 हर्ट्झचा गुणगुणाट शिरतो. तो घालवायला अर्थिंगची पिन तोडणारे असतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर माईक धरणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते, हे कृपा करून कधीही करू नये. प्रत्येक फाट्यावर एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवावा. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारांचा थेट संबंध तुटतो आणि गुणगुणाट थांबतो.