लालबागेच्या हौदात पाणी कुठून यायचं?

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीतून बऱ्हाणपूरला उतरलं की माणूस लालबागेतच उतरतो. बाग मात्र दिसत नाही. रिक्षावाला लालबाग म्हणतो ती स्टेशनाभोवतीची वस्ती. गाव आता मध्य प्रदेशात, पण फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी हीच होती.

१६१० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघालेला विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इथे आला होता. गावाबाहेर खानखानाची लालबाग, तिथवरचा सगळा रस्ता झाडांच्या सावलीतून, आत फिरायच्या वाटा आणि चार झाडांच्या मधोमध चौकोनी हौद, असं तो लिहून गेला. खानखाना म्हणजे अब्दुर्रहीम, दोह्यांचा रहीम. मी अडलो ते हौदापाशी. तापी शेजारून वाहते खरी, पण गाव उंच काठावर आणि पाणी खोल खाली. मोटेने किंवा रहाटाने ओढून किती ओढणार? त्यात बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या दक्षिणेतल्या फौजांचा तळ.

मग रहीमने नदीकडे पाठ फिरवली आणि सातपुड्याकडे पाहिलं. १६१५ च्या सुमारास इराणी जाणकाराच्या सल्ल्याने भुयारी कालव्यांचं काम उभं राहिलं. त्यातला सगळ्यांत नावाजलेला कुंडी भंडारा. खुनी भंडारा असंही म्हणतात. त्यातल्याच दुसऱ्या, सुखा भंडाऱ्याचं पाणी लालबागेच्या झाडांना जायचं.

यामागचं भूशास्त्र रावेर-यावलच्या केळीवाल्याला नवं नाही. डोंगरातून उसळत येणारा नाला पायथ्याला मंदावतो आणि ओझं टाकतो: आधी धोंडे, मग गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. धोंड्या-गोट्यांच्या या पट्ट्याला बजाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्यात चाळणीतून उतरावं तसं उतरतं आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतं. ते वाटेतच अडवायचं, एवढीच युक्ती. विहिरीच्या तळाशी झरे गाठायला आपण आडवं बोअर मारतो ना, तसंच. फक्त इथे माणसाला चालता येईल एवढं भुयार आणि त्याला गावाकडे अगदी बेताचा उतार. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. वरून ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या, शंभराच्या आसपास. खोदताना माती काढायला, नंतर हवेला, उजेडाला आणि साफसफाईला. शेतातून एका ओळीत चाललेले त्यांचे कठडे पाहिले की विहिरींची वरात निघाल्यासारखी वाटते.

एका कुंडीवर वाकून पाहिलं. मे महिन्यातल्या दुपारी तोंडावर गार, ओला वारा आला. खाली भिंतींवर पांढरा, खडबडीत थर. बंबात बसतो तोच! मातीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याच्या जोरावर चुना विरघळवतं. भुयारात मोकळी हवा लागली की वायू निसटतो आणि चुना भिंतीला चिकटतो. चारशे वर्षं हे चाललंय, त्यामुळे वाट अरुंद होत जाते. म्हणजे ज्या हवेसाठी कुंड्या ठेवल्या, तीच थर बसवते. यावर खरवडण्याखेरीज दुसरा इलाज नाही.

पण पाणी आटण्याचं मोठं कारण दुसरं आहे. अशा भुयाराला उपसा येत नाही. भूजल त्याच्या तळाच्या वर असेल तेवढंच आपणहून आत येतं. पातळी तळाखाली हातभर जरी गेली, तरी भुयार कोरडं. बोअरला ती अट नाही. पाणी खाली गेलं की आपण आणखी खोल जातो. केळीला वर्षभर पाणी लागतं आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा केळीचा. बागेतलं कारंजंही याच पातळीवर जगतं. पंपाशिवायचं कारंजं आपल्या साठ्यापेक्षा वर उडत नाही, उलट नळीच्या घर्षणात थोडी उंची गमावतं. म्हणून अशा बागांमध्ये झाडांच्या आधी पाण्याची उंची जाते.

आमच्या मळ्यातल्या विहिरीला आजोबांनी दगडी पायऱ्या बांधल्या होत्या. सातव्या पायरीवर घागर बुडायची. आता तळाशी उभं बोअर आहे आणि पायऱ्यांवरून मोटारीची केबल खाली गेली आहे.