पलटण आधी, शिडी नंतर: स्पेशल फोर्सेसच्या नेतृत्वाची पार्श्वभूमी

नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणाऱ्या मुलांना पॅराशूट पलटणींच्या गडद तांबड्या टोपीचं, मरून बेरेचं, आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. ती टोपी डोक्यावर आल्यावर पुढच्या तीसेक वर्षांत काय वाढून ठेवलेलं असतं, हे मात्र त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

स्पेशल फोर्सेसची (एसएफ) सुरुवात १९६५च्या भारत-पाक युद्धातली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे मेजर मेघ सिंग यांनी स्वेच्छेने आलेले जवान घेऊन ‘मेघदूत फोर्स’ उभारली. तिची कामगिरी पाहून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि पुढच्या वर्षी १० पॅरा कमांडो या पलटणी झाल्या. पहिली डोंगरासाठी, दुसरी वाळवंटासाठी. डिसेंबर १९७१ मध्ये १० पॅराने जीपमधून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये घुसून छाछरोवर छापा घातला. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांना महावीर चक्र मिळालं. ९ पॅराच्या जवानांनी रात्री पूंछ नदी ओलांडली आणि मंढोलजवळच्या पाकिस्तानी १२२ मिमी तोफा स्फोटकांनी उडवल्या. तोफा गप्प झाल्या की समोरच्या पायदळाचा जीव भांड्यात पडतो, हे तोफखान्याचं केंद्र असलेल्या देवळालीच्या लोकांना सांगायला नको.

श्रीलंकेतल्या भारतीय मोहिमेत, जाफन्यात, ऑक्टोबर १९८७ मध्ये, उलटं घडलं. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवायचे होते. रेडिओवरचं बोलणं एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने आधीच पकडलं होतं. एमआय-८ हेलिकॉप्टरं मोजकीच, म्हणजे खेपांवर खेपा करणं आलं. गोळीबारात ती निकामी होत गेली आणि पुढच्या खेपा थांबल्या. आधी उतरलेली १३ शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी एकटी पडली. तीसपैकी एकच जवान वाचला, तोही कैदेत. दुसरी खेप येणार नाही असं धरूनच पहिली पाठवायची, हा धडा आजही तितकाच खरा आहे. गांधीनगरच्या तळावरून नाशिकवर घिरट्या घालणाऱ्या आर्मी एव्हिएशनच्या प्रशिक्षणाशीही त्याचा थेट संबंध आहे.

आता अधिकाऱ्याची वाट. कमिशन, मग पॅरासाठी स्वतःहून अर्ज, मग काही महिन्यांचं प्रोबेशन, म्हणजे चाचणीचा काळ. त्यात पाठीवर ओझं, झोप नाही, आणि थकलेल्या डोक्याने नकाशा वाचायचा. बहुतेक जण इथेच गळतात आणि मूळ पलटणीत परततात. त्यात कमीपणा काहीच नाही. जे टिकतात त्यांना आग्र्याला पॅराशूटच्या पाच उड्या. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, ही बढती सेवाकाळाप्रमाणे. कर्नलपासून पुढे निवड मंडळ.

खरी अडचण त्यानंतरची. एसएफच्या पलटणी वेगवेगळ्या कमांडखाली विखुरलेल्या. त्यामुळे पलटणीची कमान सोडली की अनुभवी अधिकाऱ्याला बहुधा सर्वसाधारण ब्रिगेडकडेच जावं लागे, आणि वीस वर्षांत कमावलेलं कसब नेमकं नियोजनाच्या पातळीवर कामी येत नसे. नरेश चंद्र समितीने स्वतंत्र स्पेशल ऑपरेशन्स कमांड सुचवली होती. प्रत्यक्षात २०१९ मध्ये त्याहून लहान असा आर्म्ड फोर्सेस स्पेशल ऑपरेशन्स डिव्हिजन आला. त्यात लष्कराचे पॅरा एसएफ, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड यांचे जवान एका प्रमुखाखाली येतात. पहिले प्रमुख मेजर जनरल ए. के. धिंग्रा, हे १ पॅरा एसएफचे आणि श्रीलंकेतल्या मोहिमेचा अनुभव असलेले.

१ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकच झाला. त्यामुळे या हुद्द्यावर पोचलेला पॅरा अधिकारीही आता मरून बेरे घालत नाही.