येऊरचा सिकाडा मातीत मोठा होतो

मे संपत आला की ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर गाडीच्या काचा खाली करायचा अवकाश, जंगलाच्या वासाआधी आवाज आत येतो. एका पट्टीत चाललेला, कानाला कर्र करणारा आणि मध्येच एकदम तुटणारा. ठाणेकर 'रातकिडे ओरडतायत' म्हणून मोकळे होतात. पण भर उन्हात ओरडेल तो रातकिडा कसला? रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो आणि बहुतेक रात्रपाळीच करतो. दिवसाढवळ्या, आणि मग तिन्हीसांजेला पुन्हा एकदा, जंगल डोक्यावर घेणारा हा सिकाडा. नात्याने तो ढेकूण आणि तुडतुड्यांच्या गोतावळ्यातला. जगात त्याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत.

ओरडतो फक्त नर. त्याच्या पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेक ताठ, बरगड्या असलेला पडदा असतो. आतला स्नायू आखडला की पडदा आत दबतो, सुटला की बाहेर उसळतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं-सोडलं की टक्-टक् होतं ना, तेच, पण सेकंदाला शेकडो वेळा. पोट आतून जवळजवळ पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. काही जातींचा आवाज अर्ध्या मीटरवरून मोजला तर १०० डेसिबलच्या वर जातो. कान पोटाच्या खालच्या बाजूला असतात आणि आपल्याच गाण्याने कानठळ्या बसू नयेत म्हणून नर गाताना कानाचा पडदा सैल सोडतो. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी सिकाडा बसलेल्या झाडांखाली चक्क तोफ उडवून पाहिली होती. गाणं थांबलं नाही, तेव्हा त्यांनी सिकाड्यांना बहिरं ठरवलं. प्रत्यक्षात त्यांना ऐकू येतं, पण मुख्यतः आपल्या जातीच्या पट्टीतलं. तोफेशी त्यांना काय घेणं-देणं!

हे सगळं मात्र आयुष्याच्या शेवटच्या काही आठवड्यांचं. मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यात अंडी घालते. त्यातून निघालेलं, तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लू खाली पडतं, मातीत शिरतं आणि मग वर्षानुवर्षं वर येत नाही. आत ते मुळांना सोंड लावतं आणि मुळांकडून पानांकडे चढणारं पाणी पितं. झाडातला हा सगळ्यात बेचव रस, जवळजवळ निव्वळ पाणीच. तो बाहेरही येत नाही, ओढून काढावा लागतो. सिकाड्याचं तोंड समोरून जवळून पाहा: डोळ्यांच्या मधोमध आडव्या रेषांचा फुगीर उंचवटा दिसेल. आत रस खेचणाऱ्या पंपाचे स्नायू ठासून भरलेले असतात. त्या पाण्यात जे पोषण नाही, ते सिकाड्याच्या शरीरात मुक्कामाला असलेले जिवाणू तयार करून देतात. त्यांच्याशिवाय त्याचं पानही हलणार नाही.

एवढं पाणी प्यायचं तर तेवढं टाकायलाही हवं. बहुतेक रस पिणारे कीटक थेंब-थेंब टाकतात, सिकाडा मात्र पिचकारी मारतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तिचा वेग मोजला, तो सेकंदाला ३ मीटरपर्यंत भरला. तेव्हा मे महिन्यात कोरड्या आभाळाखाली मानेवर थेंब पडले, तर वळीव आला म्हणून खूश होऊ नका.

अमेरिकेतल्या, दर १३ किंवा १७ वर्षांनीच जमिनीतून निघणाऱ्या सिकाड्यांबद्दल बहुतेकांनी वाचलेलं असतं. २०२४ मध्ये त्यांची एक १३ वर्षांची आणि एक १७ वर्षांची झुंड एकाच वेळी बाहेर पडली, या दोन झुंडींचा तो योग १८०३ नंतर पहिल्यांदा आला. मला आपल्या मेघालयातली गोष्ट जास्त आवडते. री-भोई जिल्ह्यातल्या सैडेन गावाजवळ निआंगतासेर नावाचा सिकाडा दर चार वर्षांनी हजारोंनी निघतो: २०१०, २०१४, २०१८, २०२२. फुटबॉलच्या विश्वचषकाचीही हीच वर्षं. लोक रात्री मशाली घेऊन तो गोळा करतात आणि आवडीने खातात. असं ठरलेल्या वर्षी एकगठ्ठा निघणं हा अपवाद. येऊरसारख्या ठिकाणी जमिनीत वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकाच वेळी असतात, म्हणून दरवर्षी थोडेफार बाहेर पडतातच.

ही मातीतली बाजू जुन्या लोकांच्या नजरेतून सुटली नव्हती. प्राचीन अथेन्सचे खानदानी पुरुष केसांत सोन्याचा सिकाडा खोवत. आपण कुठून आलेले नाही, याच भूमीतून उपजलो, असा त्यांचा तोरा होता. चीनमध्ये हान राजवटीच्या काळात मृताच्या जिभेवर जेड दगडाचा सिकाडा ठेवत, कारण जमिनीतून निघून कात टाकणारा हा जीव पुनर्जन्माची खूण. आपल्याकडे भर राहिला आवाजावर. महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंती एकटी ज्या भयाण अरण्यात शिरते, ते 'झिल्लिकागणनादित', म्हणजे झिल्लिकांच्या थव्यांनी निनादणारं आहे. त्या झिल्लिका रातकिडे की सिकाडे, हे कवीने सांगितलेलं नाही, पण रान निर्जन आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

ठाण्यात आता मुद्दा मातीचाच आहे. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांनी झाडं राखली आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. झाड उभं आहे, म्हणून सगळे खूश. फांदीवरून पडलेल्या पिल्लाला मात्र आत शिरायला फट नाही आणि आधीपासून आत असलेल्याला वर यायला वाट नाही. जपानमध्ये ओसाका शहरात गेल्या काही दशकांत कुमाझेमी ही सिकाड्याची एकच जात फोफावली आणि बाकीच्या मागे पडल्या. का, हे पाहायला संशोधकांनी नुकती जन्मलेली पिल्लं दाबून घट्ट केलेल्या मातीवर सोडली. कुमाझेमीची पिल्लं इतरांपेक्षा सहज आत शिरली. जमीन कडक होत गेली आणि शहरात कोण गाणार हे तिने ठरवलं. हीच कुमाझेमी पुढे ऑप्टिकल फायबरच्या केबलला फांदी समजून त्यात अंडी घालू लागली. लोकांचं इंटरनेट बंद पडायला लागलं, तेव्हा केबलची रचना बदलावी लागली.

आपल्या आवारात काय शिल्लक आहे हे आवाजावरून कळत नाही, गाणारा नर शेजारच्या झाडावरून उडत आलेला असू शकतो. जमिनीतून वर आल्यावर पिल्लू टाकतं ती कात मात्र खोटं बोलत नाही, ती जिथे सापडते तिथल्याच जमिनीतून तो वर आलेला असतो. जपानमध्ये हौशी लोक कातीच मोजतात. जूनच्या सुरुवातीला, मोठे पाऊस त्या धुऊन नेण्याआधी, खोडावर आणि खालच्या झुडपांच्या पानांमागे शोधा. तपकिरी, पाठीवर उभी फाटलेली, पुढच्या दणकट पायांच्या नख्या सालीत रुतलेल्या आणि बऱ्याचदा त्यावर वाळलेला चिखल. फाटलेल्या पाठीतून पांढरे दोरे लोंबतात, ते श्वासनलिकांचं अस्तर. कात उलटी करून शेपटाकडे पाहिलं की मादीच्या कातीवर अंडी घालायच्या अवयवाची उभी खूण दिसते, नराच्या कातीवर ती नसते.