त्रिनिदादचे पास्टेल : कोकोच्या मळ्यातून आलेल्या पदार्थाची पार्श्वभूमी

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर नाताळात घरोघरी होणाऱ्या पास्टेलविषयी जे काही लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास असते: हा पदार्थ स्पॅनिश राजवटीचा वारसा आहे. मक्याच्या पिठाची पातळ पारी, आत खिमा, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि बेदाणे यांचे सारण, बाहेरून केळीचे पान आणि दोऱ्याची गाठ, असे हे रूप पाहिले की ते वाक्य पटते. नाव स्पॅनिश, सण कॅथलिकांचा, सारणातल्या निम्म्या वस्तू भूमध्य समुद्राकडच्या. तरीही सनावळ्या समोर ठेवल्या की हा दावा डळमळू लागतो आणि पदार्थाचे श्रेय जहागीरदारांच्या भोजनगृहाकडून उत्तरेकडच्या डोंगराळ खोऱ्यांतल्या कोको मजुरांच्या झोपड्यांकडे सरकते.

बेटावर 1498 पासून 1797 पर्यंत स्पेनचा हक्क होता हे खरे. परंतु त्या तीनशे वर्षांतला बराच काळ ही वसाहत नावापुरतीच होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर कोकोची लागवड रोगाने बसली आणि उरलेसुरले वसाहतकारही कंगाल झाले. 1783 साली संपूर्ण बेटाची लोकसंख्या तीन हजारांच्या आत होती आणि तीतही बहुसंख्य लोक मूळ रहिवासी होते. त्याच वर्षी स्पॅनिश राजाने एका फर्मानाद्वारे मित्रदेशांतील कॅथलिकांना जमीन देऊ केली. या सवलतीचा लाभ घेऊन आले ते मुख्यतः फ्रेंच मळेवाले आणि त्यांनी सोबत आणलेले गुलाम. 1797 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले तेव्हा लोकसंख्या सुमारे 17,700 वर गेली होती, त्यांपैकी दहा हजारांहून अधिक गुलाम होते आणि रस्त्यावरची बोली फ्रेंच वळणाची होती. ज्या बेटावर स्पॅनिश भाषक मूठभरच उरले होते, तिथे त्यांच्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ पुढची दोन शतके तग धरून सगळ्या समाजाचा झाला असेल, हे गृहीतक फार ओढूनताणून केलेले आहे.

त्याहून जुना धागा मूळ रहिवाशांचा आहे. मका दळून, पानात बांधून शिजवण्याची रीत अमेरिका खंडात स्पॅनिशांच्या कितीतरी आधीपासून होती. मात्र तेव्हाचे पान केळीचे नव्हते. केळ आशियातली, कॅनरी बेटांवरून ती 1516 मध्ये हिस्पॅनिओला बेटावर पोहोचली आणि तिथून कॅरिबियनमध्ये पसरली. त्याआधी कणसाची साले किंवा रानातली रुंद पाने वापरात होती. मका तिकडून आपल्याकडे आला आणि केळ आपल्याकडच्या बाजूने तिकडे गेली, हे ध्यानात घेतले की पातोळ्या आणि पानग्या करणाऱ्या कोकणी घराला पास्टेलची कृती परकी का वाटत नाही, याचा उलगडा होतो. पण मूळ रहिवाशांच्या पानातल्या मक्यापासून आजच्या पास्टेलपर्यंत सलग रेषा त्रिनिदादमध्ये दाखवता येत नाही. ती दाखवता येते समोरच्या किनाऱ्यावर, व्हेनेझुएलात.

दोन्ही किनाऱ्यांमधले अंतर सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी जेमतेम अकरा किलोमीटर आहे. व्हेनेझुएलात नाताळला होणारा आयाका हा पास्टेलचा थोरला भाऊ म्हणता येईल: मक्याचेच पीठ, मांसाचे रसदार सारण, ऑलिव्ह, केपर, बेदाणे आणि केळीचे पान. 1810 नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथून निर्वासित आले. पुढे 1859 ते 1863 च्या यादवीत आणखी लोक आले. आणि या दोहोंच्या आगेमागे कामासाठी येणाऱ्यांचा ओघ सुरूच राहिला. स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि आफ्रिकी असे मिश्र रक्त असलेल्या या माणसांना मळेवाले ‘पेऑन’ म्हणत; त्यांच्या वंशजांना आजही कोको पान्योल म्हणतात. जंगल तोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ऊसमळ्याच्या टोळीत राबण्यापेक्षा डोंगरात स्वतःच्या जबाबदारीवर काम करणे ते पसंत करीत आणि कोकोला नेमकी अशीच माणसे हवी होती.

इथे कोकोच्या कंत्राट पद्धतीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते पास्टेलचे खरे मूळ तिच्यात आहे. जमीनमालक जंगलाचा एक तुकडा कंत्राटदाराकडे सोपवी. कंत्राटदार झाडे तोडी, राब जाळी आणि साधारण बारा-बारा फुटांवर कोकोच्या बिया लावी. कोकोचे रोप ऊन सोसत नाही, म्हणून त्याला आधी केळीची सावली दिली जाई आणि कायमच्या सावलीसाठी पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडे लावली जात. कोको फळाला येईपर्यंत चार-पाच वर्षे जात आणि तोवर कंत्राटदाराला रोख पैसा मिळत नसे. त्याऐवजी ओळींमधल्या मोकळ्या जागेत मका, कसावा आणि इतर कंदमुळे घेण्याची मुभा होती. कुटुंब जगे ते त्यावर. पाच वर्षांनी मालक मळा ताब्यात घेई आणि फळावर आलेल्या प्रत्येक झाडामागे ठरलेली रक्कम, बहुधा एक शिलिंग, मोजून देई. मग कंत्राटदार कुटुंबासह पुढच्या तुकड्यावर जाई. म्हणजे कोको लहान असेपर्यंत त्याच जमिनीत, हाताच्या अंतरावर, मका आणि केळीचे पान दोन्ही असत. झोपडीमागे एखादे डुक्कर पाळलेले असे आणि ते नाताळला कापले जाई. पास्टेलला लागणारे पीठ, पान आणि मांस या तिन्ही गोष्टी दुकानाची पायरी न चढता मिळत. विकत आणाव्या लागत त्या ऑलिव्ह, केपर आणि बेदाणे. वर्षातून एकदाच परवडणाऱ्या या चैनीमुळेच तो पदार्थ रोजचा न होता सणाचा झाला असावा.

या पद्धतीविषयी आणि तिला जोडून आलेल्या एका सरकारी निर्णयाविषयी आजही एकमत नाही. 1868 पासून पुढच्या काही वर्षांत वसाहतीच्या प्रशासनाने सरकारी जमीन लहान तुकड्यांत, एकरी एक पौंड दराने विकायला काढली आणि आधीपासून जमीन कसत असलेल्या पेऑन कुटुंबांनाही ती विकत घेता येऊ लागली. 1869 पासून करार संपलेल्या भारतीय मजुरांना परतीच्या प्रवासाऐवजी जमीन देऊ केली गेली, तीही याच धोरणाचा भाग होती. एका बाजूचे म्हणणे असे की या निर्णयाने बेटावर स्वतंत्र शेतकरी वर्ग उभा राहिला, खोऱ्याखोऱ्यांत गावे वसली आणि कोकोचे उत्पादन इतके वाढले की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्यातीत त्याने साखरेला मागे टाकले. दुसरी बाजू दाखवून देते की जमीन नावावर झाली तरी ती टिकली नाही: कोको फळाला येईपर्यंत दुकानदाराकडून उधारी, उधारीपोटी पिकावर बोजा आणि अखेर लागवड पूर्ण झालेला तुकडा बड्या मळेवाल्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या घशात, हा क्रम वारंवार घडला. जंगल तोडण्याचे कष्ट पान्योलांनी उपसले आणि तयार मळे दुसऱ्यांनी उपभोगले, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक वजनाचे वाटते. मात्र पदार्थाच्या इतिहासासाठी दोन्ही बाजू एका ठिकाणी येऊन मिळतात. कंत्राटाने आणि जमीनविक्रीने ही कुटुंबे सान्ता क्रूझ, माराकास, काउरा, लोपिनो या उत्तरेकडच्या खोऱ्यांत आणि मध्य त्रिनिदादच्या टेकड्यांवर पसरली आणि जिथे जिथे ती गेली तिथे नाताळला पास्टेल होऊ लागले.

हा पदार्थ पसरला परांग या नाताळगाण्यांच्या साथीने. नोव्हेंबरच्या अखेरीपासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत क्वात्रो हे चार तारांचे वाद्य आणि माराका हे खुळखुळे घेऊन गायकांचे जथे घरोघरी फिरत, येशूजन्माची स्पॅनिश गाणी म्हणत, आणि यजमानाने त्यांना खाऊपिऊ घालणे हा रिवाज होता. रात्री किती वाजता किती माणसे दारात येतील याचा नेम नसे. अशा वेळी आधी करून ठेवता येणारा, पुन्हा वाफ दिली की ताजा होणारा, ताटवाट्यांशिवाय पानातच हातात देता येणारा पदार्थ गृहिणीच्या फार सोयीचा होता. गाणाऱ्यांबरोबर त्याची कीर्ती एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेली.

शेजारच्या बेटांवरचे दिसायला सारखे पदार्थ याच घराण्यात बसवण्याचा मोह टाळला पाहिजे. बार्बाडोसचे काँकी मक्याचे पीठ, खोबरे, भोपळा आणि रताळे एकत्र कालवून पानात वाफवतात. त्यात सारण नसते आणि त्याचा संबंध पश्चिम आफ्रिकेतल्या केंके या पानात बांधलेल्या मक्याच्या पदार्थाशी जोडला जातो. पूर्वी ते 5 नोव्हेंबरला होत असे, आता स्वातंत्र्यदिनाच्या नोव्हेंबर महिन्याशी जोडले गेले आहे. त्रिनिदादमध्येच पास्टेलच्या बरोबरीने होणारे गोड पेमे याच्या अधिक जवळचे आहे. पोर्टो रिकोच्या पास्तेलेसचे नाव जुळते, पण त्यात मक्याऐवजी किसलेली कच्ची केळी आणि कंद असतात.

1920 नंतर कोकोचे भाव कोसळले आणि 1928 मध्ये बेटावर ‘विचेस ब्रूम’ हा बुरशीचा रोग आला. त्याने फांद्यांना खराट्यासारखे फुटवे येतात आणि फळे वाया जातात. मळे ओस पडू लागले, तरुण मंडळी तेलक्षेत्रांकडे आणि 1941 नंतर अमेरिकी लष्करी तळांवर कामाला गेली. काउरा खोऱ्यातले गाव 1940 च्या दशकात धरणासाठी उठवण्यात आले. लोकांना हलवले गेले आणि धरण कधीच पूर्ण झाले नाही. या घटनेचा उल्लेख पदार्थांच्या इतिहासात सहसा होत नाही, पण तो व्हायला हवा, कारण पान्योल कुटुंबे सखल भागातल्या गावांत आणि शहरांच्या कडेला येऊन राहिली ती अशा धक्क्यांमुळे. पास्टेल खोऱ्यांबाहेर पडून सगळ्या बेटाचे होण्यात या विस्थापनाचा वाटा मोठा आहे. 1962 च्या स्वातंत्र्यानंतर नव्या राष्ट्राने स्वतःच्या लोककलांचा शोध सुरू केला, 1970 च्या दशकात परांगच्या स्पर्धांना प्रतिष्ठा आली, त्याचा वेगवान अवतार रेडिओवर वाजू लागला आणि पास्टेल ‘राष्ट्रीय’ नाताळच्या ताटात हॅम, काळा केक आणि अंबाडीच्या बोंडांच्या लाल सरबताशेजारी कायमचे बसले.

याच काळात कृतीही बदलली. जुन्या पद्धतीत सुका मका कांडून, उकडून, जात्यावर किंवा हाताच्या यंत्रावर दळावा लागे आणि हे दिवसभराचे काम असे. 1960 मध्ये व्हेनेझुएलात आधी शिजवून वाळवलेल्या मक्याचे पीठ कारखान्यातून बाजारात आले आणि तशाच जातीचे पिवळे पीठ त्रिनिदादच्या घरांत रुळले. फरक निव्वळ वेळेचा नाही. साध्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, पारी लाटताना ती फाटते. आधी शिजवलेल्या पिठातला स्टार्च फुगलेला असल्याने गरम पाणी आणि लोणी घालून मळले की उंडा एकसंध राहतो आणि पारी कागदासारखी पातळ निघते. ही पातळ पारी काढण्यासाठी बिजागरीची लाकडी दाबपाटी वापरतात. केळीच्या पानाची मधली शीर काढून ते जाळावर धरतात. पानाचा रंग गडद हिरवा होऊन त्यावर तकाकी आली की ते मोडत नाही. त्याला तेलाचे बोट लावून उंडा ठेवतात, दाबतात, मधोमध सारण घालतात आणि पानाच्याच आधाराने पारीच्या कडा एकमेकींवर आणून पुडी बांधतात. अर्धा तास वाफ पुरते. आयाका जाडसर, भरीव आणि रसदार असतो. पास्टेल चपटे आणि हातात मावणारे राहिले, यामागे ही दाबपाटी आणि खिम्याचे सारण दोन्ही आहेत.

भारतीय वंशाच्या घरांत ते नेमके केव्हा आले याची तारीख नसली तरी वाट दिसते. 1845 ते 1917 या काळात आलेल्या मजुरांपैकी अनेकजण करार संपल्यावर कोकोचे कंत्राटदार आणि लहान बागायतदार झाले आणि मध्य त्रिनिदादच्या टेकड्यांवर पान्योलांचे शेजारी म्हणून राहिले. ते आले बहुतांशी भोजपुरी आणि अवधी मुलखातून. पास्टेलच्या सारणाला ज्या लांब, दातेरी पानांशिवाय चव येत नाही, त्या वनस्पतीला पान्योल आणि क्रेओल (आफ्रिकी वंशाचे) लोक ‘शाडो बेनी’ म्हणतात, तर भारतीय घरांत तिचे नाव ‘बनधनिया’ आहे. मुसलमान घरांत डुकराऐवजी गाय किंवा कोंबडीचा खिमा आला. मांस न खाणाऱ्या हिंदू घरांत सोयाबीनचे तुकडे आणि डाळी आल्या. काही जुनी मंडळी अशा पास्टेलला अस्सल मानत नाहीत. परंतु ज्या पदार्थाने कणसाची साले सोडून आशियातले पान घेतले आणि रानातल्या मक्यात भूमध्य समुद्राकडचे ऑलिव्ह घातले, त्याने आता सोया नाकारावा हे म्हणणे टिकणारे नाही.

गेल्या काही वर्षांत व्हेनेझुएलातल्या आर्थिक पडझडीमुळे ती अकरा किलोमीटरची सामुद्रधुनी पुन्हा वाहती झाली आहे. 2019 च्या मे-जूनमध्ये त्रिनिदाद सरकारने दोन आठवडे नोंदणी खुली ठेवली तेव्हा सोळा हजारांहून अधिक व्हेनेझुएलन नागरिकांनी नाव नोंदवले. त्यांच्यातल्या स्त्रिया डिसेंबरमध्ये घरी केलेले आयाका विकतात आणि गिऱ्हाइके ते पास्टेलच्या शेजारी ठेवून तुलना करतात. या नव्या आलेल्यांविषयी स्थानिक चर्चेत कटुता बरीच आहे. काम हिरावणारे परके असा त्यांचा उल्लेख होतो. स्पॅनिश राजवटीच्या वारशाची गोष्ट इथे अपुरीच नव्हे तर अन्यायकारक ठरते, कारण तिच्यामुळे नाताळचा हा लाडका पदार्थ आणणारेही त्याच किनाऱ्यावरून, तसेच रिकाम्या हाताने कामाच्या शोधात आलेले लोक होते, ही गोष्ट झाकली जाते.